अडलं तर कोणाला विचारता?

प्रश्न एकच होता, छापील, चौकटीत:
अडलं तर कोणाला विचारता?
तीन नावं लिहा. घाईत असाल तर एक.

दोनशे बारा कागद परत आले,
त्यांनीच बनवलेले कागद, हे मला नंतर सुचलं.
काहींवर कपाचं वर्तुळ.
एकावर नुसतं, "कोणालाच नाही. यालमारी, बॉयलर."

रात्री हॉटेलात मी संगणकाला नावं भरवत बसले.
बाहेर उणे एकोणीस, तळं गोठून गप्प.
रांगोळीत ठिपके आधी आणि रेषा मग;
इथे उलटं,
रेषांनीच ठिपक्यांना ओढत नेलं
आणि ज्याला त्याला त्याच्या जागी बसवलं.

संचालकांचा ठिपका कडेला.
रीत म्हणून दोन रेषा, त्यातली एक त्यांच्या चिटणिसाची.
आणि मधोमध, बाणांच्या गर्दीत दिसेनासा झालेला:
तेल्लर्वो हाक्काराइनेन, गुंडाळी विभाग, तिसरी पाळी.
आत येणारे बाण एक्केचाळीस.
बाहेर जाणारा एकही नाही.

भेटायला गेले तेव्हा पाळी संपत आली होती.
दोन नंबरच्या यंत्राशी उभी,
हातात लाकडी दांडकं.
माणसाहून उंच रोलवर ठक्,
थोडं सरकून पुन्हा ठक्,
कलिंगड घेताना आपण मारतो तसं.
"इथे सैल आहे. छापखान्यात फाटेल."
मला दोन्ही ठक् सारखेच वाटले.
शेजारी एसा नावाचा पोरगा मान हलवत होता,
त्याला अर्धं ऐकू येत असावं.

आणि तू कोणाला विचारतेस?

तिने थर्मासचं झाकण फिरवलं, पुन्हा बसवलं.
"ओइवाला विचारायचे.
तुमच्या यादीत नव्हता तो."
नव्हताच. यादी मी पगारपत्रकावरून केली होती
आणि ओइवा दोन वर्षं झाली
चर्चमागच्या बर्चांखाली.
मी वहीत काय लिहावं ते कळेना.
तिने वेलदोड्याचा पाव मोडला,
अर्धा माझ्यापुढे सरकवला.

अहवाल बावीस पानी.
"ज्ञानाचं केंद्र" हे शब्द माझेच,
तेही ठळक टायपात.

केंद्राला खोली हवी, असं वरच्यांना वाटलं.
तिसऱ्या मजल्यावर, काचेची, तळ्याकडे तोंड केलेली.
दारावर पाटी. भेटायची वेळ
मंगळवार, गुरुवार, दोन ते चार.
दांडकं भिंतीवर टांगलं,
वर एक लहानसा दिवा.
उद्घाटनाला केक होता म्हणे, तिचं नाव चुकलेला.

वर्षाने मी पुन्हा गेले.
तोच प्रश्न, तीच चौकट.
तेल्लर्वोकडे चार बाण, एक संचालकांचा.
कागद हल्ली जास्त तुटतो,
हे जेवणघरात कोणीतरी मीठ मागता मागता बोललं.

सदतीस बाण गेले कुठे?
नकाशा उलटासुलटा करून पाहिला.
काही एकमेकांतच घुटमळत होते.
नऊ एसाकडे.
यालमारी अजूनही कोणालाच नाही.

मग तिचा कागद सापडला, गठ्ठ्यात सगळ्यांत खाली.
गेल्या खेपेला कोरा होता.
या वेळी एक नाव, पेन्सिलीने, लहान अक्षरात:
एसा.

बाहेर जाणारा तो एकुलता बाण
अहवालात मी काढला नाही.
त्यालाही एखादी खोली मिळाली असती.

निघण्याआधी खाली उतरले.
ओव्हरऑलवर पांढरी भुकटी, केसांवर पांढरी भुकटी,
एसा दोन नंबरशी,
झाडूचा कापलेला दांडा घेऊन.
ठक्.
थोडं सरकून, ठक्.
दुसरा जरासा पोकळ वाटला मला,
खरंच वाटला, निदान कानाच्या एका कोपऱ्यात.

"हा सैल ना?" मी विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "पहिला."
आणि दांडा माझ्या हातात दिला.